हळदीला पहिला हात

बपेरा, गुरुवार, मे १९८५

सकाळी शेजारच्या रेडिओवर ऐकलं, बगदादेत पुन्हा बॉम्ब पडले. हे तिकडेच कामावर आहेत. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी एकटीच आले. मांडवाच्या गडबडीत घरातल्या कुणी ऐकलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुपारी हळद दळायला जातं मांडलं. काकू म्हणाली, "पयला हात सवाशिणीचा. तू बस व."

मी उंबऱ्यातच थांबले. मी आज सवाशीण आहे का? देवा, कुणाला विचारू? आणि नसले, तर हीच हळद पोरीच्या अंगाला लागणार.

"बगदादेत राहून दळणं इसरली का व?" काकूच्या बोलण्यावर साऱ्या बाया हसल्या.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि जास्तच घाबरले. नाही म्हटलं, तर ह्यांचं वाईट मीच बोलल्यासारखं. देवाचं नाव घेतलं, खुंटा धरला, दळलं.

जेवणाआधी बहीण मी तिकडून आणलेला साबण घेऊन आली. "ताई, हात धुवून घे न."

"राहू दे, उगाच झिजतो," म्हटलं.

हात अजून पिवळे आहेत. ह्यांची खुशाली कळेपर्यंत साबण लावणार नाही.