अर्धं वचन

कर्जत, ८ ऑक्टो. ४२, गुरु.
काल पोशीरला खळ्यावर बोललो. सभाबंदी, म्हणून टाळ्या नाहीत. या वेळी साहेबाच्याच धर्मग्रंथातलं काढलं: येशू सांगतो, शांतता नव्हे, तलवार घेऊन आलोय, माणसाचे वैरी त्याच्या घरातलेच. लोक पुढे सरकले. रंगलं.

आज सकाळी कालच्या श्रोत्यांतला रा. दारात (पुरं नाव लिहीत नाही). कमरेला कोयता.
"कवा उरकायचं?"
"काय?"
"काकाला. घरचा वैरी, तुमीच बोल्लात नं."
चुलता पोशीरचा पोलीस पाटील. झेंडा लावणाऱ्या पोरांची नावं त्याने मंगळवारी कचेरीत द्यायची आहेत. म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. कोयता इथे ठेव.
"मंग लाकडं कशानं तोडू? तुमच्या भाषनानं?"

९ ऑक्टो.
दहिवली. योहान मास्तर, ख्रिस्ती, माझ्याशी वाद घालणारा एकच माणूस.
"अर्धं वचन घेऊन पळालात, वक्ते!"
"तलवार त्यात आहे की नाही?"
"आहे. कुणाच्या हातात दिली ते वाचा."
पुन्हा वाचलं. शिष्यांच्या हातात तरी नाही. पण मन मानेना. म्हटलं, मग देवळातल्या व्यापाऱ्यांवर येशूनेच आसूड उगारला ना?
"व्यापारी पळाले. मेला कोण?" वर म्हणाले, "रविवारी साजगावला चला."

११ ऑक्टो., रवि.
साजगावला मास्तरांच्या वडिलांचं घर. बाप्तिस्मा घेतल्यापासून मास्तरांना उंबरठा बंद. तरी दर महिन्याला जातात, अंगणात बसतात. वडील आम्हाला बघून आत गेले, खोकत राहिले. आईने तांब्या उंच धरून पाणी ओतलं, मास्तर ओंजळीने प्याले. थेंब सांडला नाही, इतकी सवय.
"बारीक झालास रं," एवढंच ती म्हणाली.
परतताना मास्तर: "ही ती तलवार. माझ्यावर पडली. मी उचलली नाही. पडेल म्हणून प्रभूला सोडलंही नाही."
 

१२ ऑक्टो., सोम.
पोशीर. रा.ला बांधावर गाठून सगळं सांगितलं.
"म्हंजे मारायचं नाय. पन त्याचं ऐकायचं बी नाय."
"हो."
"मंग त्याच्या ओटीवर जाऊन बसतो. हाकललं तर परत बसतो." चार पावलं जाऊन वळला. "आन तरी उद्या त्यानं नावं दिली तर?"
मीही त्याच्या मागोमाग गावात निघालो.

दुपार. पाटलाच्या घरासमोरच्या पडवीतून दिसतंय. रा. ओटीवर बसलाय. पाटील बाहेर आला. हाकललं नाही. ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसलाय.