टोपीवाल्याची रेसिपी, माझा हात

१ मार्च
मला लिहिता-वाचता येत नाही. फोनसमोर बोललं की तो लिहितो, एवढं नात परगावी शिकायला जाण्याआधी शिकवून गेली. हे वाचणार कोणी नाही. मलाही वाचता येणार नाही. म्हणजे खरं बोलायला हरकत नाही.

समोरच्या खोलीत माझी खानावळ. एक लांब टेबल, दोन बाकं, पाच ताटं: मास्तर, कंपाउंडर, ड्रायव्हर आणि दवाखान्यातल्या दोन नर्सा. तीस वर्षं रांधतेय. सून हाताखाली. जेवून उठताना जो तो एकच म्हणतो, आजी, हाताला चव आहे हो.

दुपारी चार वाजता टीव्हीवर तो शेफ लागतो. उंच टोपीवाला. प्रत्येक जिन्नस टाकताना म्हणतो, हे तर घरात असतंच. आज सूनबाई भांडी पुसता पुसता म्हणाली, याच्या एका बशीत आपला आठवड्याचा बाजार जाईल, असल्या रेसिप्या आपल्यासारख्यांच्या घरी चालायच्या नाहीत. मी म्हटलं, जिन्नस महाग असतील, माझा हात फुकट आहे. त्यावर गोड आवाज काढून म्हणते, आई, आता तुम्ही विश्रांती घ्या ना, स्वयंपाकाचं मी बघते.

सासू मेली की शांती, जिवंत असली की विश्रांती. मला कळत नाही का.

पैज लावली. महिनाभर रोज टोपीवाल्याचीच रेसिपी, खानावळीचा दर तोच. मी एकटी करणार, सूनबाईने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. महिनाअखेर पाचातली तीन ताटं टिकली तर मरेपर्यंत पळी माझ्या हातात. नाही टिकली तर तिच्या. साक्षीदार लेक. तो तेव्हा पाव चावत होता, त्यामुळे त्याची संमती धरली.

सूनबाईने दोनदा विचारलं, अगदी शेवटी पातेलं उतरवायलासुद्धा आत येऊ नको का? नको म्हटलं. पोर आत्तापासूनच घाबरली.

३ मार्च
मशरूमचं सूप. त्याचे जिन्नस अकरा. मी सात वगळले. मशरूमऐवजी वांगं. क्रीमऐवजी दुधात कालवलेला मैदा. लोण्याऐवजी तेल. वरून भुरभुरायला कसल्याशा परदेशी बिया होत्या, त्याऐवजी शेंगदाणे. बाकी सगळं त्याच्यासारखंच.

चार माणसांसाठी, असं सांगतो. त्याची चार माणसं म्हणजे चिमण्या असणार. ड्रायव्हर एकटाच चार माणसांचं प्यायला, मग तांब्याभर पाणीही प्यायला. मास्तर म्हणाले, वेगळं आहे. मास्तर शिकलेला माणूस, उगाच बोलत नाही.

सूनबाईने उंबऱ्याबाहेरून विचारलं, मीठ चाखून बघितलंत का. म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मीठ टाकतेय मी. म्हणाली, म्हणूनच विचारते.

जीभ बघा.

६ मार्च
बटाट्याचे थर. त्याला ओव्हन लागतो. वरूनही आच हवी म्हणे. मी झाकणावर गरम इस्त्री ठेवली. टोपीवाल्याला हे सुचलं असतं तर तो कुठल्या कुठे गेला असता.

नर्सांनी अर्धं टाकलं. हल्लीच्या मुली डाएट करतात. धाकटीने तीनदा पाणी मागितलं. उन्हाळा लवकर आला.

लेकाची तक्रार की शर्टाला बटाट्याचा वास येतो. त्याला सांगितलं, लोक अत्तरं लावतात, तुला घरबसल्या मिळतंय.

९ मार्च
आज खर्च केला. टोपीवाला ज्याच्यात त्याच्यात ऑलिव्हचं तेल ओततो. औषधाच्या दुकानाबाहेर सेलची टोपली होती, त्यात बाटली सापडली. वर तेच हिरवं फळ, टीव्हीत दिसतं तसंच. निम्म्या किमतीत. लोकांना वस्तू शोधता येत नाहीत आणि महागाईच्या नावाने खडे फोडतात.

त्या तेलात अंडी परतली. घर सुगंधाने भरलं. कंपाउंडरने दोन घास खाल्ले, थांबला आणि बाटली दाखवा म्हणाला. त्याचा जन्म बाटल्यांवरचं वाचण्यात गेलाय. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलंन:

“आजी, यावर लिहिलंय, फक्त बाहेरून लावण्यासाठी. हे मालिशचं तेल आहे.”

“मग काय झालं?” मी म्हटलं. “पोटात थोडंच राहणार आहे?”

ड्रायव्हर हसता हसता बाकावरून पडला. कंपाउंडर हसला नाही. हात धुतले, तीनदा धुतले आणि गेला.

१० मार्च
कंपाउंडर आला नाही. चार ताटं. त्याची मला कधीच पर्वा नव्हती, तो घास मोजून खायचा.

ठरवलं: उद्यापासून फक्त ओळखीच्या दुकानातून सामान आणायचं.

१५ मार्च
नर्सांची ड्यूटी बदलली म्हणे. दोघींची, एकाच दिवशी, एकाच वेळेला. आता जेवायला जमणार नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर गेले तर दोघी बेकरीच्या पायरीवर बसून कोरडा पाव खात होत्या. मला बघून धाकटीने पाव पाठीमागे लपवला. जसा काही मी तो हिसकावून त्यावर सूप ओतणार होते.

सूनबाई म्हणाली, दोनच ताटं उरली, आई. मी तिला हिशोब समजावला. नर्सा दोन असल्या तरी यायच्या एकत्र, बसायच्या एका बाकावर, भांडायच्याही एकमेकींशीच. म्हणजे ते एकच ताट. कंपाउंडर एक, नर्सा एक, गेली दोन. पाचातून दोन गेली की तीन. लिहिता येत नसलं तरी वजाबाकी येते मला.

सूनबाईने वाद घातला नाही. म्हणजे पटलं.

१८ मार्च
चूक सापडली. चूक माझी नाहीच, वांग्याची आहे. गरिबीची आहे. टोपीवाला म्हणतो ते साहित्य एकदा खरंखुरं आणून घातलं की बघा.

ड्रायव्हरला हे सांगितलं. तो म्हणाला, आजी, टोपी त्याच्या डोक्यावर दिसते, पण घातलीय तुम्हाला. तोंडाने फटकळ आहे, पण जेवायला येतो ना? येतो. अलीकडे स्वतःबरोबर केळी आणतो, तेवढंच.

२१ मार्च
कवळीसाठी पैसे बाजूला ठेवले होते. जुनी सैल झालीय, बोलताना टकटक वाजते. पण दात काय, सूपाला लागत नाहीत.

काचेच्या दाराच्या दुकानात गेले. आत गार. चीजचा तुकडा साबणाच्या वडीएवढा, किंमत साबणाच्या खोक्याएवढी. सुके मशरूम म्हणजे कुणाचे तरी कान कापून वाळवल्यासारखे. क्रीम, लोणी, त्या परदेशी बिया. ऑलिव्हचं तेल घेताना तिथल्या मुलीकडून लेबल वाचून घेतलं. चष्मा घरी विसरले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, खायचंच आहे, आजी. वरून लहान मुलाशी बोलावं तसं हसली.

सगळे दात त्या एका पिशवीत मावले.

२२ मार्च, जेवणानंतर
अकराच्या अकरा जिन्नस घातले. एक वगळला नाही, एक बदलला नाही. चाखलं. सपक. मीठ घातलं. तरी सपक. पुन्हा घातलं. महाग वस्तूंना मीठ जास्त लागत असणार.

मास्तर आणि ड्रायव्हर, दोघांपुढे बश्या ठेवल्या. ड्रायव्हरने एक चमचा तोंडात घातला आणि बशीवर हात आडवा धरला, आणखी वाढू नका म्हणून. मास्तरांनी एक घोट गिळला. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं भरून आलं.

मी विचारलं, आता सांगा, जिन्नस खरे असले की फरक पडतो की नाही. मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले:

“आजी, रागावू नका. गेली पाच-सहा वर्षं तुम्ही ताटं मांडायला बाहेर आलात की सूनबाई आत जाऊन पातेलं सारखं करायच्या. मीठ फार झालेलं असायचं. कधी उकडलेला बटाटा कुस्करून घालायच्या, कधी पाणी, कधी लिंबू. आम्हाला या बाकावरून दिसायचं. सगळ्यांना ठाऊक होतं.”

मी म्हटलं, मग हाताला चव आहे म्हणायचात ते?

“ते खोटं नव्हतं, आजी,” मास्तर म्हणाले. “फक्त हात तुमचा नव्हता.”

सूनबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. पैजेप्रमाणे आत आली नाही. तिला म्हटलं, सांग यांना, खोटं बोलतायत. ती फडक्याची घडी घालत राहिली. चौकोनी घातली, मोडली, पुन्हा घातली. लेकाकडे बघितलं. तो म्हणाला, आई, मलाही माहीत होतं. तोंडात पाव होता.

२३ मार्च
जळतात मेले.

२४ मार्च
जिभेची परीक्षा घेतली. एका वाटीत मीठ, एका वाटीत साखर. डोळे मिटून वाट्या फिरवल्या, बोट बुडवलं, चाखलं. बरोबर ओळखलं. मीठ बोटाला ओलसर लागतं, साखर खरखरीत. जीभ शाबूत आहे.

सूनबाईला हे सांगितलं. तिने मान डोलावली. डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं म्हणाली, वयाने चव जाते. कधी सांगितलं होतं? तर सहा वर्षांपूर्वी, मी तापातून उठले तेव्हा. डॉक्टरांनी तिला सांगितलं. तिने लेकाला सांगितलं. लेकाला सांगायला कुणी उरलंच नाही.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाली, तुम्हाला स्वयंपाक आवडतो.

असली सून. पोटात काय काय ठेवते.

२६ मार्च
ड्रायव्हर आला नाही. मास्तर आले, पण ताट नको म्हणाले, फक्त चहा. चहाचं ताट धरायचं की नाही यावर लेकाशी चर्चा झाली. तो नाही म्हणाला. पहिल्यांदाच तोंड रिकामं असताना बोलला.

आज सांधे फार दुखतात म्हणून पैज पाच दिवस आधी थांबवत आहे. हरले असं नाही. सांधे दुखतात. पळी सूनबाईला देताना तिने दोन्ही हातांनी घेतली. त्यापेक्षा हिसकावली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च
सूनबाईने टोपीवाल्याचं सूप केलं.

हो, तेच. महिनाभर बाहेरच्या खोलीत बसून टीव्ही ऐकत होती. तिने माझेच जिन्नस घेतले: वांगं, मैद्याचं दूध, तेल, शेंगदाणे. फक्त वांगं आधी जाळावर काळं होईपर्यंत भाजलं आणि मैदा कोरडा परतून मग दुधात घातला. माझी ती चीजची वडी उरलीच होती. मी म्हटलं, घाल. तर म्हणाली, नको, आई, गरज नाही.

मास्तरांनी ड्रायव्हरला निरोप धाडला. ड्रायव्हरने तीनदा घेतलं. केळं तसंच खिशात राहिलं.

म्हणजे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते तेच खरं ठरलं. टोपीवाल्याच्या रेसिप्या साध्या घरात होतात, महाग जिन्नस लागत नाहीत. चालणार नाही म्हणणारी ती होती. बरोबर मी होते, आणि पळी तिच्याकडे आहे. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे हो म्हणाले आणि बशी पुढे केली. तिच्याकडे.

मीही प्यायले. गरम होतं, एवढं कळलं.

३१ मार्च
पाच ताटं. कंपाउंडर आला. नर्सांची ड्यूटी पुन्हा बदलली. बाकावर जागा पुरेना म्हणून मला टेबलाच्या टोकाला स्टूल दिलं. सगळे भराभर जेवले. कुणी पाणी मागितलं नाही.

चार वाजता टीव्ही लावला नाही.

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, आई, बसल्या बसल्या कांदे चिरून देता का. दिले. छान, बारीक, अगदी एकसारखे.

ती म्हणाली, वा. आणि पाट आत नेऊन ते पुन्हा चिरायला घेतले.