स्टेशनपासून सात मिनिटं

बाबा, धाकटीने घर बदललं तेव्हा तिच्या माळ्यावर तुमची वही सापडली. तिने ती टपालाने मला पाठवली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि इथे जपानमध्ये, ओजिमातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून मी तुमच्यावर चिडते आहे.

तिच्या त्या टीचभर अमेरिकन शहरात तुम्ही चार महिने राहिलात आणि वही भरून टाकलीत. नदीकाठची लोकरीची गिरणी, जिथे आता फ्लॅट झालेत. बेकरी झालेलं जुनं रेल्वे स्टेशन. कोर्टाची लाल विटांची इमारत आणि तिचं चार मिनिटं मागे चालणारं घड्याळ. प्रत्येक इमारतीची लांबी पावलांत. बांधकाम खात्यात जन्मभर आराखडे काढलेत, टेप हाताशी नसली की पावलांनी मोजायचात. अडीच फुटांचं पाऊल, कधी चुकायचं नाही. गिरणीच्या पानावर लिहिलंय, 'मालकांची वस्ती टेकडीवर, कामगारांची नदीला लागून. पूर कोणाच्या घरी येत असेल हे विचारायला नको.' वाचून हसू आलं आणि लगेच राग आला. आपल्या गल्लीच्या टोकाला शंभर वर्षांची शाळा होती, तिच्याकडे तुम्ही कधी मान वर करून पाहिलं नव्हतंत.

पानोपानी धाकटी आहे. धाकटीने छत्री धरली. धाकटी मध्येच बोलली म्हणून पावलं पुन्हा पहिल्यापासून. माझा जळफळाट व्हायला तेवढं पुरलं. मला तुम्ही कधी पावलं मोजायला नेलं नाहीत. रविवारी मी ते शहर कॉम्प्युटरवर रस्ता-रस्ता फिरले, तुमची एखादी चूक सापडावी म्हणून. कोर्टाच्या खिडक्यासुद्धा मोजल्या. तुम्ही लिहिल्यात तितक्याच होत्या.

मग शेवटचं पान आलं. वर तुमच्या वळणदार अक्षरात 'ओजिमा', खाली 'स्टेशनपासून सात मिनिटं. म्हणजे माझी किती पावलं?' बाकी सगळं कोरं.

तो फोन मला आठवतो. परतताना जपानवरून येऊ का, असं तुम्ही विचारताय. घर स्टेशनपासून किती लांब? इथे अंतर मिनिटांत सांगतात, घरांच्या जाहिरातीतसुद्धा, म्हणून मी म्हणते, सात मिनिटं. "कोणाची मिनिटं? म्हाताऱ्याची की तरण्याची?" तुम्ही विचारता. मी हसते आणि म्हणते, "बाबा, इथे बघण्यासारखं काही नाही हो. नुसत्या एकसारख्या सरकारी बिल्डिंगी. पुढच्या वर्षी या." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. पुढचं वर्ष तुम्हाला मिळालं नाही.

आज कामावरून येताना स्टेशनपासूनची पावलं मी मोजली. माझी नऊशे चार. तुमची साडेसातशेच्या आत झाली असती. वाटेत कालव्यावरचा पूल आहे, उंच धुराडं असलेलं जुनं सार्वजनिक स्नानगृह आहे. तुम्ही तिथे अर्धा तास तरी काढला असतात. बघण्यासारखं होतं, बाबा.

हा कागद त्या कोऱ्या पानातच ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. माझ्या सहाशेव्या पावलाला कोपऱ्यावरचं कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं किरकोळ दुकान, लागतं. त्या वर्षी मी त्या दुकानात गल्ल्यावर उभी राहून तासावारी काम करत होते, आणि तुम्हाला ऑफिसात आहे म्हणून सांगितलं होतं. पावलं मोजत येणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते दुकान सुटलं नसतं, म्हणून मी तुम्हाला येऊ दिलं नाही.