पेंग्विन, अस्वल आणि आमची तालीम

२० ऑगस्ट १९७८
तालमीत गणपतीच्या देखाव्याचं ठरलं. 'उत्तर ध्रुवावर बाप्पा'. नऊ पेंग्विन, एक पांढरं अस्वल, बाकी कापूस. मी म्हटलं, उत्तर ध्रुवावर पेंग्विन नसतात. सगळी तालीम हसली. अध्यक्ष (यापुढं नुसतं अ., तेवढीच शाई वाचेल) म्हणाले, "बर्फ हाय तिथं पेंग्विन हाय. तुम्ही बोर्ड तेवढा झ्याक लिवा, बाई." अकरा वर्षं बोर्ड मीच लिहिते. यंदाही आप्पांनी माझ्या वतीनं परस्पर होकार देऊन टाकला. वडील जुने पैलवान ना, तालमीला नाही म्हणणं रक्तातच नाही.

२२ ऑगस्ट
शाळेच्या ग्रंथालयातलं प्राण्यांचं जाड पुस्तक काढलं. धूळच धूळ. अ. चुकलेत हे तर कळलंच, पण मीही चुकले! पेंग्विन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, काही तर विषुववृत्तालगतच्या बेटांवर, उन्हात. गेल्या वर्षी सहावीला ठासून सांगितलं होतं, पेंग्विन फक्त बर्फात. त्याच मुली आता सातवीत. वर्गात सांगून टाकलं, मी चुकीचं शिकवलं. मग एक उठली, "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?"
खरं लिहायचं म्हटलं.

२७ ऑगस्ट
मूर्तिकार दस्तगीरमामांच्या कारखान्यात. नऊही पेंग्विन वाळत उभे. एकेकाची मान वेगळी. काय हात आहे माणसाचा! पुस्तकातला पेंग्विनचा नकाशा दाखवला. "म्हंजे उन्हातबी ऱ्हात्यात? आन मी हितं कापूस पिंजतोय व्हय!" अस्वल अ.नी हट्टानं करवून घेतलेलं. आधी वाघ पायजे म्हणत होते.

३ सप्टेंबर
अ.ना म्हटलं, 'उत्तर'चं 'दक्षिण' करू, अस्वल काढू, झालं. तर म्हणे, "अस्वल हलणार न्हाई." वर हळूच, "तुमची पर्मनंटची ऑर्डर ह्या महिन्यात कमिटीफुडं हाय न्हवं?" शाळेच्या कमिटीवर हेच. सहा वर्षं टेंपररी काढली मी. तळपायाची आग मस्तकात गेली.
आप्पा जेवताना, "तुझं बरोबर हाय की. पण बरोबर असून नोकरी गेली तर?"
भाकरी तशीच राहिली.

५ सप्टेंबर
लिहिला बोर्ड. इथं उतरवून ठेवते, उद्या पुसला तर असू दे:
'पेंग्विन दक्षिण गोलार्धात राहतात. काही बर्फावर, काही विषुववृत्ताजवळ उन्हात. उत्तर ध्रुवावर एकही नाही. पांढरं अस्वल उत्तरेचं. या दोघांची जन्मात गाठ पडत नाही. ती फक्त आपल्या तालमीत पडली.'
दस्तगीरमामा पोट धरून हसले.

६ सप्टेंबर
चतुर्थी. प्रतिष्ठापना झाली, गर्दी. अ.नी बोर्ड वाचला आणि त्यावर केळीचं पान बांधायला लावलं. संध्याकाळी माझ्या सातवीच्या पोरी आल्या. पान बाजूला करून मोठ्यांदा वाचलं. लोक परत पहिल्यापासून वाचायला लावत होते. मी लांबून बघत होते. लाज नाही वाटली, अजिबात.

९ सप्टेंबर
शाळेतून चिठ्ठी. मंगळवारी अकराला कमिटीपुढं. तालमीची बदनामी केली म्हणून लेखी माफी, आणि नवा बोर्ड स्वहस्ते. तरच ऑर्डरचा विचार.
खरंच भीती वाटते. एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही.

१० सप्टेंबर
आप्पा दिसेनात म्हणून तालमीत गेले. बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसलेले, डोक्याला फेटा. अ.ची दोन माणसं बोर्ड काढायला आली होती म्हणे. आप्पा एवढंच म्हणाले, "आधी मला हलवा, मग बोर्ड." पंचाहत्तरीचा माणूस! कुणी पुढं झालं नाही. मामांनी अस्वलाचं तोंड दाराकडं फिरवून ठेवलंय. विचारलं तर म्हणे, "निघालंय ते, घरला."
आप्पांना चहा नेऊन दिला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उद्याबी हितंच बसणार हाय मी." मला रडू आलं.

१२ सप्टेंबर, सकाळ
माफीचा कागद पुढ्यात. तीनदा फाडला. आता लिहिला तो असा:
'गेल्या वर्षी पेंग्विन फक्त बर्फात राहतात असं मी वर्गात चुकीचं शिकवलं. त्याबद्दल मनापासून माफी मागते. बोर्ड बरोबर आहे.'
खाली सही.
जाड पुस्तक पिशवीत घातलं, पावसाचं म्हणून वर मेणकापड. साडेदहा झाले. निघते.