दार उघडं ठेवून गायचं

बाई, तुमच्या त्याच खोलीत मी अजून गाणं शिकवते. तळ्यामागची आपली गल्ली आता पनवेलात भाव खाते. खाली नाटकांचे पडदे रंगवायचे, तिथे कॉफीचं दुकान आलंय, नाटकांच्या तालमी व्हायच्या त्या माडीवर पोरं-पोरी मातीची भांडी करायला शिकतात, आणि समोरची चाळ पाडून मोठी इमारत उभी राहिलीय, तिच्या फाटकावर सोनेरी तंबोरा. एजंट घरं दाखवताना म्हणतात, ‘कलाकारांची गल्ली.’ तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दुसरीकडे कोणी खोली देत नव्हतं, म्हणून झाली ही कलाकारांची.

तुमचा नियम एकच. रियाज दार सताड उघडं ठेवून. मी शाळकरी, लाजून दार लोटायला जाते, तर तुम्ही ओरडता, “चोरी करतेस का? पडू दे लोकांच्या कानावर!” जिन्यातून जाणाऱ्या कोणीही उंबऱ्याशी थांबून चूक सांगावी आणि आपण निमूट पुन्हा गावं, ही गल्लीची रीतच होती. समोरच्या चाची तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, “बेटी, शेवटचं जरा पडलं बघ. फिरसे घे.” मला अस्सा राग यायचा! पण पडलेलं असायचं.

गेल्या महिन्यात त्या इमारतीतलं एक जोडपं आलं. गोड माणसं, हातात केकचा डबा. “मॅडम, इथली व्हाइब आवडली म्हणूनच फ्लॅट घेतला आम्ही,” ती म्हणाली. “फक्त संध्याकाळी आमचे ऑफिसचे कॉल असतात. दार-खिडक्या लावून घेतल्या तर?” भांडायला आलेल्याशी मला भांडता येतं, बाई. केक घेऊन आलेल्यापुढे काय करायचं, ते तुम्ही शिकवलं नाहीत. मग घरमालकाच्या मुलानंही तेच सांगितलं, जरा कमी गोड शब्दांत. मी दार लावलं.

आपटा गावाहून एक बाई शिकायला यायची. लग्नात धवले गाणारी, शेतापलीकडे हाक जाईल असा आवाज. तिला म्हटलं, जरा हळू. तिनं करून पाहिलं, खोकली, मग हसून म्हणाली, “बाई, हळू गायला मला जमत नाय. जीव कोंडतो. आमी आपलं घरीच गाऊ.” जिना उतरताना ती गातच गेली, आणि समोर कोणीतरी खिडकी लावून घेतली. फार रडले मी त्या दिवशी.

हे पत्र कुठे टाकणार मी! पत्ता असता तरी टाकलं नसतं. काल ते केकवालं जोडपं बाहेरगावी गेलं होतं. म्हणून दार उघडून बसले आणि षड्ज लावला. तो हळूच लागला. आवाज चढवायला गेले, तर आपोआप खाली आला. एका महिन्यात सवय लागली, बाई. आता मला हळूच गाता येतं.