दुसरी बाटली मिळणेबाबत, कारणासह

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
घरपोच लघवी तपासणी विभाग.

विषय : प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी दुसरी बाटली मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'नमुना पुरुषाचा असल्याचे दिसून येत नाही.'

महोदय,

मी निवृत्त शिंपी. दुसरी बाटली हवी असल्यास कारण लेखी द्या, असे आपल्या खिडकीवरील बाईंनी सांगितले. तोंडी सांगायला जीभ रेटत नव्हतीच. लिहितानाही मान वर होत नाही.

१. आपल्या बाटलीवरील चिठ्ठीत माझे नाव व दुखण्याचे नाव ठळक छापले होते. घरात सून आहे. सबब मी चिठ्ठी सोलून चष्म्याच्या डबीत ठेवली, पहाटेचा नमुना भरला आणि बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे दडवली. जन्मभर लोकांच्या विजारींची मापे घेतली, तेव्हा ही लाज कुठे होती, कळत नाही.

२. त्याच पहाटे माझ्या पत्नीनेही स्वतःची साखरेच्या तपासणीची बाटली, सुनेला दिसू नये म्हणून, त्याच पातेल्यामागे ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात आमची लपवायची जागाही एकच झाली आहे. तिच्या दवाखान्यात नाव खिडकीवर लिहितात, तेव्हा तिचीही बाटली कोरीच. हाताला आली ती बाटली घेऊन ती गेली. उरलेलीवर मी माझी चिठ्ठी चिकटवली.

३. तिच्या अहवालात साखर निघाली नाही. तिने गोळ्या बंद केल्या, चहात दोन चमचे साखर सुरू केली. मी पामर म्हणालो, ही नामस्मरणाची कृपा. मग आपले पत्र आले. चष्मा सापडेना, म्हणून ते सुनेनेच मोठ्याने वाचले. ती हसली नाही. उठून तिने सासूच्या हातातला कप तेवढा काढून घेतला.

४. माझे थोरले बंधू याच दुखण्याने, कोणाला न सांगता गेले. मलाही आताशा दर घटकेला उठावे लागते. कीर्तनात दाराशी बसतो. पूर्वरंग जेमतेम ऐकतो, उत्तररंग कित्येक महिन्यांत कानी पडला नाही. मागे बुवा निरूपणात म्हणाले, "लाज पापाची धरा, देहाची नको. ही लघवीची गाळणीसुद्धा देवानंच बसवलीय." तेव्हा मी मान डोलावून टाळी वाजवली होती. घरी येऊन चिठ्ठी सोलली.

५. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, तुमच्या लाजेपायी आपण दोघंही गेलो असतो की."

तरी कृपा करून दुसरी बाटली मिळावी. वरचे वेष्टन कोरे असावे, अशी विनंती करणार होतो. ती करीत नाही. नाव ठळकच असू द्यावे. चिठ्ठी सूनबाई स्वतः लावणार आहेत.

निकाल काय यायचा तो येवो. एकदा कथा शेवटपर्यंत बसून ऐकायची आहे.

आपला खजील व नम्र,
(सही)
अर्जदार शिंपी
दि. १२ मार्च

सोबत :
१) आपले पत्र.
२) पत्नीचा साखरेचा अहवाल (प्रत्यक्षात माझा).