अंगठ्याचे आवाहन

गिरगाव, सोमवार

चि. सौ. यशोदेस दादाचे आशीर्वाद. पुण्यात थंडी पडली असेल. तुझ्या यजमानांचा खोकला कसा आहे? इकडे मी कुशल आहे, उजवा अंगठा वगळून. म्हणूनच मी सांगतो आहे आणि शेजारचे शामराव लिहीत आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मला फलक धरायला दिला. (उंच माणसाला मत विचारत नाहीत, हातात थेट काठीच देतात.) मुंबई अजून मिळायची आहे, बांबूचे कुसळ मात्र मिळाले. ते अंगठ्यात मोडले आणि चार दिवसांत अंगठ्याचा बटाटा झाला, लाल, गरम, ठणकणारा.

डॉक्टर जयवंत म्हणाले, दुखावलेले मांस काही द्रव्य सोडते, आणि त्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरांतून बाहेर पडून तिथे जमतात, जंतू गिळतात, पुष्कळशा तिथेच मरतात. पू म्हणजे बव्हंशी त्याच. मी म्हटले, हे आवाहन झाले. विसर्जनाचा मंत्र कोणता? ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, विसर्जन मी करीन. शुक्रवारी चीर देतो." अंगठ्यातून लाल रेघ मनगटाकडे चढली तर विष पसरते आहे असे समजा, असेही ते म्हणाले. तेव्हापासून ती चढते का, हे मी तासातासाला पाहतो आहे.

चाळीला कळू नये म्हणून जवसाचे पोटीस दार लावून शिजवले. तीच चूक. वास गॅलरीभर गेला आणि माणसे येऊ लागली. कौसल्याबाई हळद घेऊन आल्या, भिवा चुना घेऊन, शामराव नुसतेच. शामरावांनी अंगठा दाबून पाहिला. (इथे त्यांची लेखणी थांबली होती, मी पुन्हा सांगितले, तेव्हा लिहिले.) निम्मी सूज मदतीला आलेल्यांचीच असते, असे डॉक्टर म्हणाले होते. पटले.

काळजी नसावी. मला भीती वाटत नाही, हे मी चाळीत प्रत्येकाला सांगून आलो आहे. तू मुळीच येऊ नकोस. तू आलीस की मुले, लोणच्याच्या बरण्या आणि सल्ले बरोबर येतात, आणि खोलीत आता जागा नाही.

तुझा दादा

ता. क. चीर म्हणजे मुंगी चावल्यासारखे, असे शामराव म्हणतात. त्यांचे दोन्ही अंगठे शाबूत आहेत.

दुसरा ता. क. शामराव गेले. हे डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात. रेघ दिसते, किंवा दिसल्यासारखी वाटते. बघायला तुझे डोळे हवेत. लहानपणी माझा काटा काढताना तू माझा कान धरून बसायचीस. शुक्रवारी तो धरायला कोणी नाही. गुरुवारी ये. मुले, बरण्या, सल्ले, सगळे घेऊन ये. विसर्जनाचे मागाहून पाहू.